व्याह्यांच्या गाडीची तपासणी

गाडी आधी तपासायची आणि मग घ्यायची, एवढी साधी अक्कल देवाने सगळ्यांना दिलेली असते. आम्हालाही दिली होती. पण गाडी व्याह्यांची होती, म्हणजे आमच्या लेकीच्या सासऱ्यांची, आणि तिथे अक्कल बाजूला ठेवून हसऱ्या तोंडाने 'छान, छान' म्हणायचं असतं. त्यामुळे आम्ही आधी गाडी घेतली, तिला हार घातला, शेजारीपाजारी पेढे वाटले, आणि मग काही दिवसांनी चोरासारखं तोंड लपवत ती तपासायला नेली.

सुरुवात झाली धोंड्याच्या जेवणावरून. अधिक महिना आला की जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. त्या महिन्यात जावई म्हणजे देव. आणि देवाबरोबर देवाचे आईवडीलही जेवायला आले तर मग विचारायलाच नको, आपण आपलं हात जोडून उभं राहायचं. आमच्या एकुलत्या एक लेकीचं सासर नाशिकजवळ, गिरणारे गावाच्या बाजूला. फुलं आणि भाजीपाला पिकवणारं घर. माणसं चांगली आहेत, खोटं कशाला बोलू, पण मानापानाला फार जपणारी. व्याह्यांना एखादा शब्द लागला तर ते भांडत नाहीत, नुसते गप्प होतात. आणि ते गप्प झाले की सगळं घर किती दिवस दबकून वावरतं, हे लेकीनेच मला एकदा हसत हसत सांगितलं होतं. ती हसली होती, मला नव्हतं हसू आलं. तेव्हापासून मी एकच ठरवून टाकलेलं, आपल्या वागण्यापायी पोरीला तिथे त्रास होईल असं काही करायचं नाही. बाकी जग बुडालं तरी चालेल.

तर पुरुषांची जेवणं झाली होती आणि मी नि लेक आत आमच्यापुरते धोंडे तळत होतो. बाहेर आमचे हे पान लावत बसले होते. हे नाशिकातच, अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेत. नोकरीत असताना मशिनच्या आवाजात जे बोलायचं राहिलं ते सगळं आता बोलून घेतात. गॅलरीतून खाली व्याह्यांची गाडी दिसली, तर लगेच म्हणाले, "काय गाडी आहे हो तुमची! एकदम दणकट. अशी एखादी मिळाली तर बरं होईल बुवा. हिचे गुडघे आता स्कूटरवर कुरकुरतात."

आता हे कौतुक होतं. आपण कुणाकडे गेलो की म्हणतो ना, पडदे सुंदर आहेत. म्हणून कुणी पडदे काढून हातात देतं का? पण व्याही म्हणाले, "मंग हीच घ्या की पाहुणे. लय चाललीय, पर इंजिन झकास हाय. घरातली वस्तू घरात ऱ्हाईल."

आणि आमच्या ह्यांनी, कोथिंबिरीची जुडीसुद्धा चारदा उलटीपालटी केल्याशिवाय न घेणाऱ्या ह्या माणसाने, तिथल्या तिथे सांगून टाकलं, "बरं. ठरलं तर मग."

मी हात पुसत बाहेर येईपर्यंत दोघं एकमेकांचे हात हातात घेऊन बसले होते. मला वाटलं, आणखी एक सोयरिक जमवली की काय. पाहुणे गेल्यावर मी ह्यांना धरलं. "अहो, कुणाला दाखवलीत तरी का गाडी? चालवून तरी बघितलीत?"

"अगं, धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या बापाला नाही म्हणू? आणि व्याह्यांची गाडी मेकॅनिकला दाखवायची म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगण्यासारखंच. पोरगी नांदतेय आपली तिथे."

ह्या शेवटच्या वाक्यापुढे माझं काही चालत नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

अधिक महिन्यात खरेदी करायची नसते, म्हणून गाडी यायला मधे वेळ होता. सुटका करून घ्यायला चांगली संधी होती. मी कितीदा म्हटलं, सांगा डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलीय, सांगा सोसायटीत पार्किंग नाही. ह्यांचं एकच, "शब्द दिलाय." जसं काही राज्य देऊन बसलेत. शेवटी महिना संपला आणि जावई नि व्याही गाडी घेऊन दारात हजर झाले. पैशाचं नि कागदांचं सावकाश बघू, घरातलंच आहे, म्हणाले. लेक आली नव्हती. घरी कामं आहेत म्हणाली.

पांढरी, सात माणसं बसतील अशी, डिझेलवरची गाडी. मीटरवरचा आकडा कधीच दोन लाखांच्या पुढे गेलेला. मागच्या काचेवर पिवळ्या रेडियममध्ये व्याह्यांचं आडनाव, गावाचं नाव आणि खाली 'आईचा आशीर्वाद', अशी सगळी वंशावळच लिहिलेली. मी कुंकवाचं बोट लावलं, ह्यांनी नारळ फोडला, व्याह्यांनी डोळे पुसले. हो, खरंच पुसले. मला वाटलं, गाडी गेली म्हणून नाही तर गळ्यात मारता आली ह्या आनंदाने रडतायत. मनात आलं ते सांगतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना. खोकायची, थरथरायची, गप्प व्हायची. हे म्हणाले, "नवीन जागा आहे, रुळेल." म्हटलं, गाडी आहे की सून आहे? बऱ्याच वेळाने सुरू झाली तर चालेना नीट. क्लच सोडला की असा हिसका बसायचा की माझी मान पुढे आणि पर्स मागे. त्यात ड्रायव्हरची सीट पार पुढे अडकलेली. हे सहा फुटी. स्टिअरिंगपाशी गुडघे छातीला लावून बसायचे, वळण आलं की स्टिअरिंग गुडघ्यावर घासायचं. तरी तोंडाने "झकास आहे, झकास आहे" चालूच. कुणाला सांगत होते देव जाणे, गाडीत मी एकटीच होते आणि मला झकास दिसत नव्हतं.

एक दिवस सिटी सेंटरच्या चौकात हिरव्या दिव्यावर गाडी बंद पडली आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून आमचा उद्धार केला, तेव्हा मी निर्वाणीचं सांगितलं. "ही गाडी मेकॅनिकला दाखवल्याशिवाय मी हिच्यात पाय ठेवणार नाही. उद्या घाटात बंद पडली तर व्याह्यांचा मान काय आपल्याला ढकलायला येणार आहे?"

हे तयार झाले, पण अटी घालून. एक, आपल्या भागातला मेकॅनिक नको. गिरणारं, मखमलाबाद, गंगापूर रोड ह्या बाजूचा तर मुळीच नको. नाशिकरोडला जायचं, तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. दोन, लेकीला कळता कामा नये. तिला कळलं की ती जावयाला सांगणार, जावई व्याह्यांना, आणि मग व्याही गप्प होणार. आणि हे सगळं पोरीच्या डोक्यावर. ह्या दुसऱ्या अटीला मीही मान डोलावली. तिच्याशी रोज फोनवर बोलायचे, ती विचारायची, "गाडी कशी आहे?" आणि मी म्हणायचे, "झकास." ह्यांचाच शब्द माझ्या तोंडी आला होता, आणि मला स्वतःचाच राग यायचा.

निघायच्या दिवशी ह्यांनी मागच्या काचेवर आतून जुनी चादर लावली, ते आडनाव झाकायला. पण रेडियम काचेच्या बाहेरून चिकटवलेलं. चादरीच्या गडद रंगावर ती पिवळी अक्षरं आणखीच उठून दिसायला लागली. मी म्हटलं, "वा! आता रात्रीसुद्धा वाचता येईल." हे जाऊन स्टिअरिंगपाशी बसले.

नाशिकरोडच्या वाटेवरच्या द्वारका सर्कलला पोचलो आणि व्हायचं तेच झालं. ऐन चौकात गाडी बंद. हे चावी फिरवतायत, गाडी नुसती घरघर करतेय, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. तेवढ्यात एक माणूस स्कूटरवरून उतरून आला. मागे फुलांच्या करंड्या बांधलेल्या. काचेवर टकटक केली, आत वाकून बघितलं आणि ह्यांना बघून जरा गोंधळला.

"अरे, आज तुम्ही? गाडी बंद पडली का? थांबा, ढकलतो."

त्याने आणखी दोघांना हाक मारली, गाडी बाजूला घेतली, मग धक्का देऊन सुरूही करून दिली. जाताना म्हणाला, "सांगतो मी घरी, काळजी करू नका."

कुणाच्या घरी, काय सांगतो, काही विचारायच्या आत तो गेलासुद्धा. आमच्या ह्यांचा चेहरा पडला. "ओळखलं! गाडी ओळखली त्याने! तुझ्यामुळे झालं हे!" म्हटलं, माझ्यामुळे? मी लिहिलंय का काचेवर? तिथपासून नाशिकरोडपर्यंत आम्ही भांडत गेलो.

नाशिकरोडचा मेकॅनिक म्हणजे अवलिया होता. आल्या आल्या बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग आधीच्या मेकॅनिकला शिव्या घातल्या. कोण होता, कुठला होता, काही माहीत नसताना. मग आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि गाडी जॅकवर चढवून खाली सरपटत गेला. खालून त्याचा आवाज यायचा. "अरे देवा!" थोडा वेळ ठोकठोक. "अरे माझ्या देवा!" चहा गार झाला, प्यायलाच नाही.

बाहेर आला तो फडक्याला हात पुसत, डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून येतात तशा तोंडाने. "काका, कोणाकडून घेतली?"

"ओळखीतून," हे पुटपुटले.

"ओळखीनेच मारलं तुम्हाला. क्लच प्लेट संपलीय. मागच्या स्प्रिंगचे पाटे बसलेत. ही घरगुती गाडी नाही, हिने माल वाहिलाय, भाडी मारलीत." मग त्याने मागचं कार्पेट उचललं. खाली वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्यांचा थर. त्याने चिमूटभर उचलून ह्यांच्या नाकासमोर धरल्या. "हे बघा. देवदर्शनाची भाडी. त्र्यंबक, शिर्डी, वणी. भाविक हार घेऊन बसतात, त्याच्या पाकळ्या. पैजेवर सांगतो, ही टॅक्सी होती."

मी कपाळाला हात लावला. घरातली वस्तू म्हणे! इंजिन झकास म्हणे!

"आणि हे बघा." त्याने ड्रायव्हरचं दार उघडून खाली बोट दाखवलं. क्लचच्या पेडलवर लाकडाचा एक ठोकळा बोल्टने आवळून बसवलेला होता. सीट पुढे अडकलेली म्हणून आम्ही रोज शिव्या देत होतो, पण खाली वाकून कुणी बघितलंच नव्हतं. "बुटका ड्रायव्हर होता. पाय पुरत नव्हता म्हणून ठोकळा. तुमचा ओळखीचा माणूस बुटका आहे का?"

हे म्हणाले, "नाही, माझ्याएवढे उंच आहेत."

"मग पगारी ड्रायव्हर. टॅक्सीच."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. टॅक्सी म्हणून फिरवलेली गाडी सरळ सुनेच्या माहेरी विकायची, वर डोळे पुसायचे! आणि आम्ही काय, पोरीला त्रास नको म्हणून मूग गिळून बसायचं. मी ह्यांना म्हटलं, "आत्ताच्या आत्ता फोन लावा त्यांना." हे म्हणाले, "वेडी झालीस? पोरगी..." मी म्हटलं, "पोरगी, पोरगी, पोरगी! पोरीचं नाव पुढे करून तुम्ही दोघं वाट्टेल तो खेळ करा!" मेकॅनिक खुर्ची ओढून आमचं भांडण ऐकायला बसला.

तेवढ्यात माझाच फोन वाजला. लेकीचा. हे दोन्ही हातांनी खुणा करायला लागले, उचलू नको, उचलू नको. मी उचलला.

"आई, गाडीला काय झालं?"

कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. गाडीला काय झालं.

"कुठे काय? काही नाही," मी म्हटलं.

"द्वारकेला बंद पडली ना? फुलबाजारातल्या काकांचा फोन आला होता. पप्पांनी परत परत चावी मारली का? बॅटरी उतरेल अशाने."

मग मात्र माझा बांध फुटला. "हो, पडली बंद! रोज पडते! तुझ्या सासऱ्यांनी टॅक्सी म्हणून वापरलेली गाडी आमच्या गळ्यात मारली. पगारी ड्रायव्हर ठेवून भाडी मारली तिच्यावर. आम्ही आज तपासून घेतली, सगळं बाहेर आलं. तुला सांगणार नव्हते, पण आता ऐकच!"

मग ती म्हणाली, "ड्रायव्हर? कुठला ड्रायव्हर?"

"मला काय माहीत कुठला? बुटका होता. क्लचवर ठोकळा बसवून घेतलाय त्याने."

"आई, तो ठोकळा माझा आहे."

मला काही समजेचना. मी फोन स्पीकरवर टाकला. हे जवळ आले.

"गाडी मीच चालवायचे," ती म्हणाली. "पहाटे फुलं घेऊन फुलबाजारात. ह्यांची कंपनीत पाळी असते, सासऱ्यांना अंधारात नीट दिसत नाही. सासूबाईच म्हणाल्या, तू शीक. मळ्यातच शिकले. पाय पुरेना तर सासऱ्यांनी सुताराकडून ठोकळा करून आणला. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या सासूबाई, तुझ्या आईवडलांना वाटेल पोरीला गाडी हाकायला लावली."

कॉलेजात असताना ही ड्रायव्हिंग क्लासचे पैसे मागायची तर ह्यांनी धुडकावून लावलं होतं, तुला काय ट्रक चालवायचाय का म्हणून. ते तिला आठवलं असेल की नाही कोण जाणे, ती तसं काही बोलली नाही.

"मग आता फुलं कशी जातात?" मी विचारलं.

"शेजारच्यांच्या टेम्पोत. मी घरीच असते आता." मग म्हणाली, "परत येताना गाडी रिकामी असायची ना, तर मी धरणाच्या बाजूने यायचे. लांब पडतं, पण यायचे. कुणी काही विचारायचं नाही. तेवढा वेळ माझा असायचा."

"अगं मग बोलली का नाहीस? तोंड नव्हतं का तुला?" मी ओरडलेच. रडू येत होतं म्हणून ओरडले.

"कधी बोलायचं, आई? मी तुझ्याजवळ धोंडे तळत होते. बाहेर येईपर्यंत ठरलं होतं. पप्पांना गाडी हवीय, असं सगळे म्हणत होते. माहेरच्यांना हवीय तर मी कशी नको म्हणू?"

मेकॅनिक खुर्चीतून उठून जवळ येऊन ऐकत होता. तिने त्याला फोन द्यायला सांगितलं. काय काय म्हणाली ते मला अर्धंच ऐकू आलं. सकाळी गार असताना लगेच चावी फिरवायची नाही, जरा दम धरायचा. क्लच प्लेट बदलायला झालीय हे घरी सांगून ठेवलं होतं. सीट अडकलेली नाही, खालचा दांडा आधी वर उचलायचा, मग मागे ढकलायची. मेकॅनिकने दांडा उचलला. सीट सरकन मागे गेली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. टॅक्सीबद्दलही पुन्हा काही बोलला नाही.

मी त्या खुर्चीत बसून राहिले. गाडीत काय बिघडलंय हे कळावं म्हणून आम्ही अख्खं नाशिक ओलांडून, चादरी लावून, भांडत भांडत इथे आलो. आणि ज्या एका माणसाला सगळं माहीत होतं, तिलाच कळू नये म्हणून एवढा खटाटोप केला. तिला त्रास नको म्हणून! आणि तिचं म्हणून तिथे जे काही होतं, ते आम्हीच उचलून आमच्या दारात आणून लावलं होतं. मला इतकी चीड आली, ह्यांची, व्याह्यांची, त्या मेल्या धोंड्यांची आणि स्वतःची, की मी उठून मागच्या काचेवरची चादर ओढून काढली आणि म्हटलं, "चला. गिरणाऱ्याला."

"आत्ता? आणि तिथे जाऊन काय सांगणार?"

"ते मी बघते."

वाटेत गाडी एकदाही बंद पडली नाही. हे मागे सरकवलेल्या सीटवर बसले तरी आखडूनच बसले होते. गंगापूर रोड संपला तेव्हा हेच म्हणाले, "मी नुसतं कौतुक केलं होतं गं." इतक्या हळू म्हणाले की मला पहिल्यांदाच त्यांची दया आली. पण मी ती दाखवली नाही.

बातमी आमच्या आधी पोचली होती. व्याही अंगणात उभेच होते, तोंड घट्ट मिटून. विहीणबाई दारात. लेक पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्याकडे न बघता आधी गाडीकडे गेली, बॉनेटवर हात ठेवला आणि ह्यांना म्हणाली, "किती तापवलीत हो, पप्पा."

व्याही म्हणाले, "गॅरेजला नेली व्हती म्हणं. काय निघालं गाडीत?"

"माझी लेक निघाली," मी म्हटलं.

मी आता थांबणार नव्हते. "गाडी आम्हाला नको. आम्हाला कधी हवीच नव्हती. ह्यांनी तोंडदेखलं कौतुक केलं, तुम्ही म्हणालात घ्या, ह्यांना नाही म्हणता आलं नाही. झालं एवढंच."

व्याही ह्यांच्याकडे बघायला लागले. "पाहुणे, तुम्हीच शब्द टाकला ना? धोंड्याला बोलवून, जेवू घालून तुम्ही तोंडाने मागितली. म्या नाय कसं म्हणायचं? सुनेच्या बापाला?"

"मी कुठे मागितली? मी म्हटलं, अशी एखादी मिळाली तर!"

"मंग तेच मागणं की!"

"अहो, त्याला बोलणं म्हणतात!"

"मला बी इकायची नव्हती," व्याही म्हणाले. "त्या दिवशी चावी देताना पाणी आलं डोळ्यांत."

दारातून विहीणबाई म्हणाल्या, "मी सांगत व्हते ह्यांना, पोरीला इचारा. ऐकतंय कोण?" मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आमच्या दोघींच्या मनात तेव्हा जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ह्यांनी शेवटी खिशातून चावी काढली. हात पुढे केला. व्याह्यांपुढे. आणि व्याह्यांनीही घ्यायला हात पुढे केला. एवढं सगळं होऊनसुद्धा! मी किंचाळलेच, "अहो, कुणाला देताय!"

दोघांचे हात तसेच हवेत राहिले. मग ह्यांनी चावी लेकीकडे धरली. तिने तांब्या खाली ठेवला, ओले हात पुसले, पण चावी घेतली नाही.

"आधी कागद माझ्या नावावर करा," ती म्हणाली. "मग घेते. नाहीतर तुम्ही दोघं एकमेकांचा मान राखत राहाल आणि मी पाणी आणून देत राहीन."

व्याही गप्प झाले. हे तेच गप्प होणं, ज्याच्या भीतीने आम्ही एवढा पसारा केला होता. मला वाटलं, आता हिला किती दिवस भोगावं लागेल कोण जाणे. मी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती, घाबरलेलीही नव्हती, मान खाली घालूनही उभी नव्हती. नुसती वाट बघत होती. विहीणबाई पायरी उतरून तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळाने व्याह्यांनी घसा खाकरला. ह्यांच्याकडे वळले. "पाहुणे, नाव बदलायचं म्हंजे तिचं आधार कार्ड लागंल ना? अजून काय काय लागतंय हो?"

"मला विचारा," लेक म्हणाली.